लाकडी होडी, प्लास्टिकचा बुश

१. प्रश्न आणि त्यामागचा संशय

कप्पीची चाकी, सुकाणूच्या बिजागरीतली खुंटी, वल्हे टेकवायची जागा, जाळे ओढताना घासणारी काठाची पट्टी. होडीचे हे लाकडी भाग झिजले, की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: त्यांच्या जागी प्लास्टिकचा भाग लेथवर कापून बसवला तर चालेल का, आणि चालला तर टिकेल का? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न अगदी जागेवरचा आहे. कल्याणवरून येणाऱ्या उल्हास नदीच्या पाण्याला ठाण्याच्या उत्तरेला दोन वाटा फुटतात, एक वसईच्या खाडीकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीकडे. चेंदणी कोळीवाड्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या रेतीबंदरांपर्यंत लाकडी होड्यांचा वावर या पाण्यात पूर्वापार आहे. याच पाण्याला २०१६ च्या कायद्याने ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. आणि काठापासून फार लांब न जाता वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची एमआयडीसी लागते. तिथे लेथ आहे, टर्नर आहे, नायलॉनचा रॉड आहे. सगळे हाताशी असल्यामुळेच काम घाईत होते आणि पुष्कळदा फसते. फसल्यावर खापर मात्र प्लास्टिकवर फुटते.

प्लास्टिकविषयीचा संशय समजण्यासारखा आहे. रोजच्या वापरात त्याची ओळख बादली, पिशवी आणि उन्हात तडकणारी खुर्ची एवढीच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा तर ‘प्लास्टिक’ म्हणजे टाकाऊ हे समीकरण आणखी घट्ट झाले. पण लाकडाबद्दल आपण असे सरसकट बोलत नाही. फळ्यांना साग, आतल्या वाकांना बाभूळ, अशी निवड करणारा सुतार ‘लाकूड टिकते का’ असा प्रश्न विचारत नाही. कुठले लाकूड आणि कुठल्या जागी, असे विचारतो. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यावर या खाडीकाठी मराठी आरमाराची बांधणी सुरू झाली, तीही याच जाणत्या निवडीच्या जोरावर. प्लास्टिकला आपण हा मान अजून दिलेला नाही. तो दिला, की वरच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. ते थोडक्यात असे: घासणाऱ्या जागी योग्य प्लास्टिक लाकडापेक्षा नक्की जास्त टिकते, पण जुन्या लाकडी भागाची हुबेहूब नक्कल केली तर ते टिकत नाही.

२. कठीण ते टिकाऊ, हा गैरसमज

घासणाऱ्या जागी कठीण वस्तू जास्त टिकणार, असे सहज वाटते. बोटींच्या इतिहासात याच्या उलट घडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाफेवर चालणाऱ्या, मागे पंखा असलेल्या जहाजांचा एक दुखणेकरी भाग होता: पंख्याचा शाफ्ट जहाजाच्या बुडातून बाहेर पडतो तिथला पितळी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. तो बघता बघता झिजायचा, शाफ्ट खडखडू लागायचा आणि पाणी आत यायचे. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज इंजिनिअरने तिथे पितळेऐवजी लाकडाच्या पट्ट्या बसवण्याचे पेटंट घेतले. लाकूड साधे नव्हते. कॅरिबियन भागातले लिग्नम व्हिटी, इतके घट्ट की पाण्यात बुडते, आणि अंगातच राळ मुरलेले. पट्ट्यांमधल्या फटींतून समुद्राचे पाणी वाहू दिले, की तेच पाणी तेलाचे काम करायचे. धातू हरला तिथे लाकूड जिंकले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे जहाजांत हीच रीत चालली. पुढे या झाडाची इतकी तोड झाली की आज त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

मग टिकाऊपणा बुळबुळीतपणात असतो का? तेही नाही. याचा पुरावा होडीपासून फार दूर, शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाला. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन चार्नली १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा बसवत होते. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले, कारण त्याच्याइतके घसरडे दुसरे काही हाती नव्हते. काही वर्षांतच शेकडो रुग्णांच्या वाट्या झिजल्या आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूचे मांस सुजवले. १९६२ मध्ये चार्नली एका वेगळ्या प्लास्टिककडे वळले. टेफ्लॉनपेक्षा ते कमी घसरडे होते, पण झिजेला कितीतरी पटींनी चिवट. ते म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिथिन, ज्याला दुकानात ‘यूएचएमडब्ल्यू’ म्हणतात. पिशवीचे आणि याचे रसायन एकच. फरक आहे तो रेणूंच्या लांबीचा. साखळ्या इतक्या लांब की एकमेकींत गुंतून बसतात आणि घासणाऱ्या कणाला तुकडा सहज ओरबाडता येत नाही. खुब्याच्या सांध्यात ज्याने नाव कमावले, तेच द्रव्य वाळूमिश्रित गाळातही उपयोगी पडते, कारण दोन्हीकडे शत्रू एकच: ओल्या जागेतली सततची घासाघीस.

ठाण्याच्या खाडीचे पाणी गाळाचे, उल्हासच्या पात्रात वाळू. लाकूड इथे का हरते हे आता सांगता येईल. वाळूचा कण लाकडाच्या तंतूंमध्ये शिरतो, ओले तंतू मऊ पडलेले असतात, आणि दोरीच्या किंवा लोखंडी खिळीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ते उचकटले जातात. भरती-ओहोटीत भाग कधी भिजतो, कधी वाळतो, त्यामुळे बारीक भेगा पडतात आणि पुढची झीज त्या भेगांतून सुरू होते. भर म्हणून लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या जातीचे जीव. यातले जवळपास काहीच प्लास्टिकला लागू होत नाही. त्याला तंतू नाहीत, ते कुजत नाही, ते कोणी खात नाही. त्याची दुखणी वेगळी आहेत आणि ती माहीत नसली, की काम बिघडते.

३. पाणी पिणारे प्लास्टिक

होडीच्या कामात तीन प्लास्टिकांची नावे पुन्हा पुन्हा येतात: कास्ट नायलॉन, डेलरिन या व्यापारी नावाने जास्त ओळखले जाणारे अॅसिटल, आणि वर आलेले यूएचएमडब्ल्यू. नायलॉन ताकदवान, सहज मिळणारे, लेथवर छान कापले जाणारे, म्हणून टर्नर बहुधा तेच पुढे करतो. पण नायलॉन पाणी पिते. पूर्ण भिजल्यावर वजनाच्या साधारण सहा-सात टक्के पाणी त्यात मुरते, काही प्रकारांत आणखी जास्त, आणि त्याबरोबर त्याची लांबी-रुंदी-जाडी दोन टक्क्यांच्या आसपास वाढते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, तसा नायलॉनचा बुश आपल्या घरात अडकतो. फरक एवढाच की दाराला फुगायला एक पावसाळा पुरतो, तर जाड नायलॉनला काही महिने लागतात. काम झाल्या दिवशी सगळे गुळगुळीत फिरते, आणि सुकाणू जाम होते तेव्हा कोणालाच त्या दिवसाची आठवण नसते.

आकडे घालून पाहू. सुकाणूच्या खिळीसाठी बाहेरून ६० मिलिमीटर आणि आतून ४० मिलिमीटर व्यासाचा बुश केला आणि तो सागाच्या ठोकळ्यात घट्ट ठोकला. खिळीला फिरायला ०.२ मिलिमीटर मोकळीक ठेवली, जी लोखंडकामाच्या सवयीने उदारच वाटते. आता बुश दोन टक्के फुगू पाहतो. बाहेर साग आहे, तो मागे सरकू देत नाही. त्यामुळे वाढलेले द्रव्य थोडे टोकांकडे जाते आणि बाकीचे आत, भोकाकडे. हिशोब केला तर भोक अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत आवळू शकते. ०.२ ची मोकळीक त्यात केव्हाच गडप होते. हाच बुश अॅसिटलचा केला तर ते पूर्ण भिजूनही टक्काभरापेक्षा कमी पाणी पिते, आणि भोक फार तर ०.१ मिलिमीटरच्या घरात आवळते. यूएचएमडब्ल्यू तर पाणी पीतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणून कायम पाण्याखाली राहणाऱ्या बुशसाठी नायलॉन निवडायचेच असेल, तर मोकळीक मिलिमीटरच्या भाषेत ठेवावी लागते. ती ठेवायची नसेल तर अॅसिटल घ्यावे. कोरड्या जागी, वर डोलकाठीच्या कप्पीत, नायलॉनबद्दल तक्रार नाही.

यूएचएमडब्ल्यूची खोड वेगळी: उष्णता. एक मीटर लांबीची पट्टी तीस अंश तापली तर पाच-सहा मिलिमीटर लांबते. त्याच उष्णतेने सागाची फळी रेषांच्या दिशेने मिलिमीटरचा काही दशांशही वाढत नाही. ओहोटीला गाळावर टेकलेली होडी मे महिन्याच्या उन्हात तापते आणि भरतीचे पाणी आले की पुन्हा थंड होते, त्यामुळे तीस अंशांचा फरक इथे रोजचाच. काठावरची ही पट्टी दर वीतभर अंतरावर स्क्रूने पक्की आवळली तर ती स्क्रूंच्या मध्ये लाटांसारखी उचलली जाते, किंवा स्क्रूंच्या माना तोडते. उपाय साधा आहे. मधला एकच स्क्रू गोल भोकातून, बाकी सगळे लांबट भोकांतून, डोक्याखाली चपटा वॉशर, आणि आवळ इतकीच की पट्टी सरकू शकेल. गोंदाने चिकटवण्याचा विचार सोडून द्यावा, या प्लास्टिकला नेहमीचा कुठलाच गोंद धरत नाही.

४. ‘असाच दुसरा करून द्या’

लेथच्या दुकानात जुना भाग टेबलावर ठेवून दिला जाणारा हा हुकूम सगळ्यात महागात पडतो. एक तर समोरचा नमुना झिजलेला असतो, म्हणजे त्याची मापे झिजेची मापे असतात. ती खिळीवरून, ठोकळ्याच्या न घासलेल्या टोकावरून आणि होडीवर जाऊन नव्याने घ्यावी लागतात. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. लाकडी भागाचा आकार लाकडाच्या दुबळेपणाने ठरलेला असतो. रेषांच्या आडव्या दिशेने लाकूड सहज चिरते म्हणून सुतार तिथे जाडी वाढवतो. प्लास्टिकला रेषाच नाहीत, तिथे ती जाडी फुकट जाते. उलट रेषांच्या दिशेने लाकूड ताठ उभे राहते, तर प्लास्टिक सततच्या भाराखाली हळूहळू सरकत जाते. आज दिलेला भार ते पेलते, पण तोच भार महिनोन्महिने राहिला तर भोक लंबगोल होते. ही प्लास्टिकची जन्मजात सवय आहे, भेसळीची खूण नाही. म्हणून भार पेलणारा सांगाडा लाकडाचा किंवा धातूचाच ठेवावा आणि घासणारा पृष्ठभाग तेवढा प्लास्टिकचा करावा. अख्खे सुकाणू प्लास्टिकचे करण्यात काही अर्थ नाही, त्याच्या भोकातला बुश मात्र जरूर करावा.

कप्पीचे उदाहरण घेऊ. दोरीला २०० किलोचा ताण आहे आणि दोरी कप्पीवरून वळून परत खाली येते. तेव्हा खिळीवर २०० नाही, ४०० किलो भार येतो, कारण दोरीच्या दोन्ही बाजू खाली ओढतात. हे विसरल्यामुळे पुष्कळ चाक्या मधोमध फाटतात. खीळ २ सेंटिमीटर व्यासाची आणि चाकी अडीच सेंटिमीटर रुंद असेल, तर भार ५ चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो. खीळ अडीचची आणि चाकी ३.२ ची केली तर क्षेत्र ८ चौरस सेंटिमीटर होते आणि दाब ५० किलोवर येतो. लाकडी चाकीची नक्कल केली असती तर हा बदल सुचलाच नसता. थोडी जाड खीळ म्हणजे थोडे जास्त पोलाद, पण भोक लंबगोल होण्याचा वेग त्याने स्पष्ट कमी होतो. नव्या भागाचे माप असे भारावरून काढायचे असते.

५. लेथवर

लोखंड कापणाऱ्या हाताला प्लास्टिक सोपे वाटते, आणि घोळ तिथेच होतो. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही; पोलादाच्या तुलनेत शंभरपटीहून कमी. टूलच्या टोकाशी निर्माण झालेली उष्णता जागीच साचते, भोकाचा पृष्ठभाग तापून फुगतो, आणि त्या गरम अवस्थेत माप घेतले तर थंड झाल्यावर ते चुकलेले निघते. टूल धारदार हवे, लोखंडावर वापरून बोथट झालेले चालत नाही. बुरा अडकू न देता सतत बाहेर काढावा लागतो. यूएचएमडब्ल्यूचा बुरा लांब दोऱ्यासारखा निघून चकभोवती गुंडाळतो, तो हाताने ओढायला जाणे धोक्याचे. आणखी एक गोष्ट नवख्याला चकित करते: तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ बुश आवळून आतून अगदी गोल बोअर केला, तरी चक सोडल्यावर भोक किंचित तिकोनी होते. प्लास्टिक दाबाखाली वाकलेले असते आणि सुटल्यावर मूळ आकारात परत येते. म्हणून आधी ढोबळ कापून, एक रात्र तसेच ठेवून, दुसऱ्या दिवशी हलक्या आवळीने शेवटचा हात मारायचा. घाईच्या दुकानात ही एक रात्र कोणी देत नाही. गिऱ्हाइकाने ती मागून घ्यावी.

पाण्याखालच्या बुशला आतून लांबीच्या दिशेने तीन-चार चर काढावेत. जॉन पेनच्या लाकडी पट्ट्यांमधल्या फटींचे काम हे चर करतात: पाणी आत येते, थंडावा देते आणि वाळू धुऊन नेते. ग्रीस भरू नये. ग्रीसमध्ये वाळू चिकटते आणि घासण्याची लुकणच तयार होते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप जाणत्यांचा असतो: कांस्याचा बुश का नको? कांस्य उत्तम आहे, आणि स्वच्छ पाण्यात, जास्त वेगाच्या शाफ्टवर ते अजूनही पहिली पसंती ठरावे. पितळ मात्र टाळावे, खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि उरतो भुसभुशीत तांब्याचा सांगाडा. कांस्यालाही इथे दोन अडचणी आहेत. पोलादी शाफ्टशेजारी खाऱ्या पाण्यात ते असले, की पोलाद लवकर गंजते. शिवाय गाळातली वाळू कांस्य आणि शाफ्ट दोघांना खाते. प्लास्टिकच्या बाजूने दावा करताना एक कबूल करायला हवे: वाळूचा कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसला तर तो शाफ्टलाच ओरखडे पाडतो. चर नसलेला प्लास्टिक बुश म्हणूनच कांस्यापेक्षा वाईट ठरू शकतो. कुठलाही प्लास्टिक बुश कुठल्याही कांस्यापेक्षा सरस, असे म्हणणाऱ्याने खाडीचा गाळ पाहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप लाकूडवाल्यांचा: प्लास्टिकखाली लाकूड कुजते. खरे आहे, पण ते खाऱ्या पाण्याने नव्हे. मीठ बुरशीला मानवत नाही. कुजवते ते पावसाचे गोडे पाणी. पट्टीखाली ते साचून राहिले की साग टिकतो, बाकीची लाकडे हरतात. पट्टीखाली न सुकणारी लांबी भरावी, आणि स्क्रूच्या भोकात स्क्रू घालण्याआधी तेल किंवा लांबी. काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते टाळले जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. तिथे आणखी प्लास्टिक का सोडायचे? हिशोब करून पाहू. ४० मिलिमीटर भोकाचा, ८० मिलिमीटर लांब अॅसिटलचा बुश झिजून भोक ४१ चे झाले, तर पाण्यात गेलेले द्रव्य सुमारे ५ घन सेंटिमीटर, म्हणजे ७ ग्रॅमच्या आसपास. बुशच्या अख्ख्या आयुष्यात एवढेच. पण तोच बुश ६० च्या भरीव रॉडमधून कापताना आतले १०० घन सेंटिमीटर द्रव्य बुरा होऊन दुकानात पडले, म्हणजे १४० ग्रॅम, वीस पट. म्हणजे मोठा धोका होडीत नसून लेथखाली आहे. हा बुरा गटारात झाडला गेला तर खाडीतच पोचतो, आणि यूएचएमडब्ल्यूचा असेल तर पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तरंगत पोचतो. पोकळ रॉड मिळतो तिथे तोच घ्यावा आणि बुरा पोत्यात भरून ठेवायला सांगावे. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय हे होत नाही. आक्षेप यामुळे पूर्ण मिटत नाही, सात ग्रॅम हे सात ग्रॅमच. पण दोरीने कापला जाऊन हरवलेला नायलॉन जाळ्याचा एक तुकडा यापेक्षा कितीतरी जड असतो.

थ्रीडी छपाईबद्दलही हल्ली विचारतात. थरांवर थर चढवून केलेल्या भागात थरांच्या सांध्यांवरून चिरण्याची प्रवृत्ती राहते, म्हणजे लाकडाच्या रेषांचा दोष मागच्या दाराने परत येतो. आकार बघायला, बसतो का ते तपासायला छापील नमुना चांगला. भार आणि घासाघीस दोन्ही असलेल्या जागी भरीव रॉडमधून कापलेला भागच घ्यावा.

७. बदलायचा केव्हा

प्लास्टिकचा बुश वाईट झाला हे आवाजाने लवकर कळत नाही, कारण तो धातूसारखा खडखडत नाही. होडी ओहोटीला उघडी पडली, की सुकाणू किंवा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा आणि सैलपणा फीलर गेजने मोजावा. बसवताना ठेवलेल्या मोकळिकीची नोंद घरच्या वहीत असेल तरच या मोजमापाला अर्थ आहे. मूळच्या मोकळिकीपेक्षा सैलपणा बराच वाढला असेल तर बुश बाहेर काढून नीट पाहावा. झीज भोकाच्या चारी बाजूंनी सारखी असेल तर वाळूने आपले काम केले, नवा बुश बसवावा. झीज एकाच बाजूला, आणि तीही एका टोकाला जास्त असेल, तर दोष बुशचा नाही. शाफ्ट किंवा बिजागरी सरळ रेषेत नाही, किंवा लाकडी ठोकळा फुगून तिरका झाला आहे. तो आधी सरळ केल्याशिवाय नवा बुश, मग तो नायलॉनचा असो, कांस्याचा असो की लिग्नम व्हिटीचा, त्याच बाजूने त्याच वेगाने झिजणार.